उपदेश सोडला की समुपदेशन सुरू होते

नायगावच्या बीडीडी चाळींतून निघाले की केईएम, वाडिया, टाटा, शिवडीचे टीबी रुग्णालय आणि वडाळ्याचे अॅक्वर्थ ही सगळी रुग्णालये पायी गाठता येतात. आपल्या वस्तीला डॉक्टर, नर्स, आया, वॉर्डबॉय ही माणसे नवी नाहीत. कित्येक घरांतून तीच माणसे ड्युटीवर जातात. गेल्या पंचवीसेक वर्षांत मात्र याच रुग्णालयांत आणखी एक खुर्ची आली आहे, ती समुपदेशकाची. एचआयव्हीची तपासणी असो, टीबीचे लांबलचक औषध असो की वयात आलेल्या मुलांसाठीचे ‘मैत्री’ क्लिनिक, तिथे कोणीतरी बोलायला बसलेले असते. वस्तीत त्याला ‘कौन्सिलर’ म्हणतात. मग एखादी आजी नगरसेवकच समजून नळाच्या पाण्याची तक्रार सांगू लागते.

या खुर्चीवर आता आपल्या समाजाची मुले-मुली बसू लागली आहेत. कोणी एमएसडब्ल्यू करून आले, कोणी मानसशास्त्र घेऊन एम.ए. झाले, कोणी नोकरी सांभाळून संध्याकाळचा डिप्लोमा करीत आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ही मुले घडतात कशी, शिकताना त्यांच्या आत काय उलथापालथ होते आणि त्या काळात त्यांच्या पाठीशी कोण उभे असते, याचा विचार आपण समाज म्हणून अजून केलेला नाही. समुपदेशक वर्गात तयार होत नाही आणि प्रमाणपत्रानेही होत नाही. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, सोबत्यांच्या संगतीत, आपल्याच कामाकडे वारंवार वळून पाहिल्याने तो तयार होतो. नेमकी हीच सोय आपल्या मुलांना सर्वांत कमी मिळते, असे आमचे म्हणणे आहे.

बंद दारामागचे काम

आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा पहिल्याच दिवशी कोणी आमच्या हातात सिरिंज देऊन रुग्णापुढे उभे केले नाही. आधी पाहायचे, मग सरावाच्या खोलीत करायचे, मग सिस्टर शेजारी उभी असताना रुग्णाला हात लावायचा. वहीत तिची सही पडल्याशिवाय ते काम ‘येते’ असे म्हणायची सोय नव्हती. आमची चूक लपतही नव्हती. इंजेक्शन चुकले तर दंडावर गाठ येते, सलाईन चुकली तर हात सुजतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या राउंडला ते सगळ्यांना दिसते.

समुपदेशन शिकणाऱ्या मुलीचे काम बंद दारामागे चालते, आणि ते तसेच चालायला हवे. मात्र त्यामुळे तिची चूक कोणालाच दिसत नाही. समोरची बाई ‘बरं ताई, येते’ म्हणून उठते आणि पुन्हा फिरकत नाही. ती बरी झाली म्हणून आली नाही, की तिचे ऐकलेच गेले नाही म्हणून आली नाही, हे शिकणारीला कळायला मार्ग नाही. म्हणून ज्या कामाला सर्वांत जास्त देखरेख हवी, तेच काम सर्वांत कमी देखरेखीत शिकले जाते.

घडण्याच्या पायऱ्या

अमेरिकेतील थॉमस स्कोव्होल्ट आणि नॉर्वेतील हेल्गे रोनेस्टाड या दोन अभ्यासकांनी शंभर समुपदेशक व मानसोपचारकांशी प्रदीर्घ बोलून, ही माणसे कशी वाढत जातात याचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९९२ साली आले. नुसती वर्षे भरली म्हणून माणूस वाढत नाही, अनुभवावर सतत विचार करण्याची सवय असेल तरच वाढतो, हे त्यांच्या अभ्यासाचे सार. शिकणाऱ्याला पुस्तकांपेक्षा माणसे अधिक घडवतात, आणि त्यांत पहिला मान मदतीसाठी आलेल्या माणसाचा, हेही त्यांनी दाखवून दिले. आपल्या मुला-मुलींच्या बोलण्यातून आम्हाला ज्या पायऱ्या दिसतात त्या याच्याशी जुळतात, फक्त आपल्या वस्तीत त्यांचा रंग वेगळा आहे.

पहिली पायरी शेजारणीची. आपल्यातल्या बहुतेक मुली या शिक्षणाकडे येतात, कारण गॅलरीत, नळावर, विहारात लोक त्यांच्यापाशी मन मोकळे करतात. त्या जीव लावून सल्ला देतात. एखादी म्हणाली, नवरा पितो, की दोन मिनिटांत उत्तर तयार. कोणी सांगते ‘पोलिसात जा’, कोणी सांगते ‘मुलांकडे बघून सहन कर’. दोन्ही उपदेशच. आपल्या भाषेने तर ‘समुपदेशन’ या शब्दातच उपदेश बसवून ठेवला आहे. आणि शिकायला गेल्यावर पहिली गोष्ट सांगितली जाते ती हीच, की उपदेश करू नका. तेव्हा हात बांधल्यासारखे होते. ‘मग मी करायचं तरी काय?’ हा प्रश्न या पायरीवर प्रत्येकाला पडतो, आणि तो पडलाच पाहिजे.

दुसरी पायरी पुस्तकाची. आता प्रश्न विचारण्याच्या पद्धती, फॉर्म, टप्पे सगळे पाठ झालेले असते. शिकणारी मुलगी पुस्तकाप्रमाणे विचारते, ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ समोरची बाई म्हणते, ‘कसं वाटणार? छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही.’ मुलगी मात्र ‘दुःख’, ‘राग’, ‘भीती’ असे शब्द येण्याची वाट पाहत बसते. आपल्या वस्तीत दुःख शरीराच्या भाषेत बोलते. जीव घाबरतो, डोकं बधिर झालंय, पोटात खड्डा पडतो हे सगळे भावनेचेच शब्द आहेत, हे पुस्तक बाजूला सारल्यावर कळते. नर्स म्हणून इथे एक सावधगिरीची सूचना करतो. छातीतली धडधड मनाची असू शकते, तशी रक्तक्षयाची, थायरॉइडची किंवा हृदयाचीही असू शकते. आधी तपासणी, मग निष्कर्ष. डॉक्टरकडे कधी पाठवायचे हे ज्याला कळते, तोच चांगला समुपदेशक.

तिसरी पायरी स्वतःच्या जखमेची, आणि ती सर्वांत अवघड. एखाद्या मुलीचे आजोबा १९८२ च्या संपानंतर पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. त्यानंतर त्या घरात काय काय झाले ते तिने लहानपणापासून ऐकले आहे. एक दिवस समोर बसलेला माणूस नेमकी तशीच गोष्ट सांगू लागतो. ती खोलीत सावरते, पण घरी जाताना लोकलमध्ये डोळे भरून येतात. मग वाटते, ‘मी कमजोर आहे, हे माझं काम नाही.’ कित्येक जणी इथेच शिक्षण सोडतात. त्यांना एवढेच कोणीतरी सांगायला हवे, की हे रडणे नापास झाल्याची खूण नाही. हाही अभ्यासाचाच भाग आहे. पण तो एकटीने करायचा अभ्यास नव्हे. हे बोलायला जागा मिळाली तर त्याच जखमेतून समज येते. जागा मिळाली नाही तर मुलगी एक तर कोरडी होते, नाही तर समोरच्याच्या दुःखात स्वतःचेच दुःख पाहत राहते.

त्यापुढची पायरी शांत असते. पद्धत अंगात मुरते, शब्द आपले होतात, गप्प बसण्याची भीती जाते. सगळे आपणच सोडवायचे नाही, हे उमगते. तिथवर पोहोचायला वर्षे लागतात.

मुंबईने काय शिकवले, गोव्याने काय शिकवले

या शहरात समुपदेशकांची पहिली मोठी फळी एचआयव्हीच्या कामातून उभी राहिली. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था १९९८ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय वडाळ्यात, आपल्या शेजारीच, अॅक्वर्थच्या आवारात आहे. तपासणी केंद्रांत समुपदेशक नेमले गेले आणि त्यांच्यासाठी बारा दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण ठरले. पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने ‘सक्षम’ प्रकल्पातून या समुपदेशकांच्या प्रशिक्षणाचे मोठे काम केले. तपासणीपूर्वी संमती घेणे, निकाल त्या व्यक्तीलाच आणि एकांतात सांगणे, गुप्तता पाळणे या गोष्टी आपल्या सरकारी व्यवस्थेत रुजवल्या त्या या लोकांनी. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमती आणि गुप्तता ही कायदेशीर बंधने केली. खोल्यांतून ती त्याआधीच पाळली जात होती.

पण या कामात मुरलेल्यांना विचारा, ते काय सांगतात? माहिती दहा मिनिटांत संपते. विषाणू काय, औषध काय, पुढची तारीख कोणती, हे सांगून झाले की खोलीत शांतता पसरते. त्या शांततेत काय करायचे हे बारा दिवसांत शिकवता येत नाही. ते रोजच्या कामातून आणि त्या कामावर होणाऱ्या चर्चेतून येते. ही पदे मात्र वर्षानुवर्षे कंत्राटी राहिली. रुग्णांचे आकडे भरायला रजिस्टर आहे, पण समुपदेशकाचे स्वतःचे मन भरून आले तर त्याला रजिस्टर नाही.

दुसरा धडा गोव्याचा. तिथे ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून नेमले. जवळपास पाचशे रुग्णांवरचा त्यांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर हे समुपदेशन मिळालेल्यांचे नैराश्य अधिक कमी झाले, असे त्यात दिसले.

आपल्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. ज्ञान ही कोणा एका वर्गाची मिरासदारी नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेच आहे. पण गोव्याच्या यशाचा अर्धाच भाग सांगितला जातो. ते समुपदेशक आठवड्याला एकत्र बसत. झालेल्या बैठकीचे ध्वनिमुद्रण ऐकत, एकमेकांच्या कामाला गुण देत, कुठे घाई झाली, कुठे ऐकायचे राहून गेले हे तोंडावर सांगत. पदवी नसतानाही काम उभे राहिले ते या आठवड्याच्या बैठकीवर. आपण पदवीच्या मागे धावतो, आणि ही बैठक विसरतो.

जात वर्गाबाहेर थांबत नाही

शिकणाऱ्यांना स्वतःची ओळख व्हावी म्हणून अनेक अभ्यासक्रमांत गोल करून बसवतात आणि बालपणाबद्दल बोलायला सांगतात. हेतू चांगला आहे. पण त्या गोलात आपली मुलगी काय तोलत असते? वडील सफाई खात्यात आहेत हे सांगावे की नुसते ‘महापालिकेत’ म्हणावे? आडनाव सगळ्यांना माहीत आहेच. एकदा सांगितले की उद्यापासून कोणी कीव करणार, कोणी ‘तुझं बरं आहे, सीट मिळाली’ म्हणणार. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये याच मुंबईत शिकत असताना गेली. शिक्षणाच्या जागाच कधी कधी जिवावर उठतात, हे आपल्या मुलांना कोणी वेगळे सांगायला नको.

जी मुलगी वर्गात आपली जात लपवायला शिकते, तिला समोरच्या माणसाने लपवलेली जातही ऐकू येत नाही. एखादा तरुण म्हणतो, ‘ऑफिसात माझ्या डब्याला कोणी हात लावत नाही.’ त्यावर ‘तुम्ही फार विचार करता’ हे उत्तर गेले, तर तो त्या शिक्षणाचा दोष आहे. अभ्यासक्रमात सहानुभाव आहे, ताणतणाव आहे, पण या देशात ताण कुठून येतो हे सांगताना जातीचा धडा बहुधा गळालेला असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्याला जे भोगावे लागले तेच समोरच्यालाही भोगावे लागले असेल, असे धरून चालणेही चूक आहे. प्रत्येक दुःखाचे मूळ जातीतच असेल असे नाही. तथागतांनी कालामांना सांगितले तेच इथे लागू आहे: ऐकीव म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, पडताळून पाहा. समुपदेशकाने स्वतःची मतेही त्याच कसोटीला लावावीत.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. ‘आपण बाबासाहेबांची लेकरं, आपण रडायचं नाही, लढायचं’ हे वाक्य आपण मुलांच्या तोंडावर फेकतो. लढायचेच आहे. पण दुःख आहे हे मान्य करण्यापासूनच आपला धम्म सुरू होतो. दुःख बोलून दाखवणाऱ्याला कच्चा ठरवणारा समाज समुपदेशक तयार करू शकत नाही.

आपल्याकडे पवारणा आहे

अशा देखरेखीची कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. विनयात नव्या भिक्षूला एकट्याने राहण्याची मुभा नव्हती. उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयाने त्याला वर्षे काढावी लागत. जाणत्या, समर्थ भिक्षूलाही किमान पाच वर्षे. हा आश्रय एकतर्फी नव्हता. शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करायची, उपाध्याय आजारी पडला तर शिष्याने. गुरूच्या मनात चुकीची दृष्टी शिरली तर ती दूर करायला मदत करणे हेही शिष्याचे कर्तव्य होते. अतिसाराने लडबडलेल्या, एकट्या पडलेल्या भिक्षूला तथागतांनी स्वतः धुतले, आणि आजाऱ्याची सेवा तीच माझी सेवा असे संघाला बजावले. शुश्रूषा करणाऱ्याचीही कोणी शुश्रूषा करावी लागते, हे आपल्या परंपरेला अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते.

वर्षावास संपताना पवारणा होते. ज्येष्ठांपासून सुरुवात करून प्रत्येक जण संघाला विनंती करतो, की माझे काही वावगे तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. एकदा पवारणेच्या दिवशी तथागतांनीही संघाला तसेच विचारले होते. गोव्यातले समुपदेशक आठवड्याला जे करत होते, त्याला आपल्या भाषेत पवारणाच म्हणावे लागेल.

काय करता येईल

पहिले काम विहारांचे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे मनातले बोलायला कोपरा नाही, कान मात्र सगळीकडे. पुनर्विकासाने पाचशे चौरस फुटांचे घर आणि बंद दार मिळते, पण दाराबाहेरची गॅलरी जाते, आणि तिथे येता-जाता होणारी विचारपूसही जाते. दोन्ही स्थितींत विहाराची एक खोली महिन्यातून दोन संध्याकाळी शिकणाऱ्या समुपदेशकांसाठी मोकळी ठेवता येईल. तिथे एखादा अनुभवी समुपदेशक, एखादी नर्स, सात-आठ शिकणारी मुले. रुग्णाचे नाव-गाव न उच्चारता कामावर बोलायचे. अनुभवी माणसाचे मानधन आणि मुलांचे गाडीभाडे उपासक-उपासिकांनी उचलावे. जयंतीच्या वर्गणीतला छोटा वाटा यासाठी पुरेल.

दुसरे काम शासनाचे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत एचआयव्ही समुपदेशकांचीही नोंद आहे. नियम बनवताना वर्गाच्या तासांइतकेच देखरेखीखालच्या कामाचे तासही सक्तीचे हवेत, आणि कंत्राटी समुपदेशकांना ही देखरेख कामाच्या वेळेत मिळायला हवी. बार्टीसारख्या संस्थेने फीबरोबरच या काळातल्या निर्वाहाचाही विचार करावा. विनावेतन इंटर्नशिप परवडते कोणाला, हे उघड आहे.

तिसरे, काही जण म्हणतील, ‘गरज एवढी मोठी, इतकी वर्षे थांबायचे कसे?’ थांबू नका. चार दिवसांचे शिबिर केलेला कार्यकर्ता ऐकून घेऊ शकतो, सोबत रुग्णालयात जाऊ शकतो, योग्य दार दाखवू शकतो. हे लहान काम नाही. त्याला ‘साथी’ म्हणा. समुपदेशकाची पाटी मात्र त्याने लावू नये.

वाचकांनीही समुपदेशकाकडे गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: तुम्ही कुठे शिकलात, तुमच्या कामावर कोणाची देखरेख आहे, आणि मी सांगितलेले कुठवर गुप्त राहील? चांगला समुपदेशक रागावणार नाही. गुप्ततेलाही मर्यादा असतात. उदाहरणार्थ, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे तो आधीच सांगेल. आणि मन फारच खचले असेल, जगणे नको वाटत असेल, तर कोणाची वाट न पाहता टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही शासनाची मोफत सेवा आहे आणि मराठीत बोलता येते. शिकणाऱ्या समुपदेशकांनीही हा क्रमांक स्वतःसाठी जवळ ठेवावा.

सावित्रीमाईंचे जन्मगाव नायगाव साताऱ्याकडचे, आपले नायगाव मुंबईचे. माईंनी आधी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, मग शाळेत उभ्या राहिल्या, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. शिकणे आणि सेवा या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. दुसऱ्याचे दुःख ऐकायला निघालेल्या आपल्या मुलांना या वर्षावासात एक खोली, एक सतरंजी आणि एक जाणता माणूस मिळवून देऊ या.

नमो बुद्धाय, जय भीम!